नऊ नंबरची चादर

संशय घ्यायला मला कारण लागत नाही, असं माझी धाकटी बहीण म्हणते. साफ खोटं. कारण लागतंच, फक्त ते फार मोठं असावं लागत नाही. शेजारीण दोन दिवस लागोपाठ गोड बोलली की तिला काय मागायचंय, ते मी आधी बघते. दर वेळी माझं खरं निघतं असं नाही, पण दहातल्या सहा वेळा निघतं. एवढा उपयोगी पडणारा स्वभाव कोण सोडेल?

मी लॉण्ड्रीत काम करते. हॉटेलांचे पडदे, दवाखान्याचे कपडे आणि बस डेपोतल्या विश्रांतीखोलीच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. गठ्ठे सोडायचे, नग मोजायचे, डाग बघायचे आणि ढीग मशीनवाल्याकडे सरकवायचा, हे माझं काम. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, त्याच डेपोत ड्रायव्हर. लांबच्या गाडीवर. एका दिवशी दुपारी निघायचं, रात्रभर चालवून सकाळी सहाला डेपोत परत यायचं, तिथे आठ तास झोपायचं आणि दुपारी तीनला दुसरी गाडी घेऊन पुन्हा निघायचं. घराचं तोंड दिसायचं ते तिसऱ्या दिवशी सकाळी.

पूर्वी मधल्या वेळात हे घरी यायचे झोपायला. मग एकदा डेपोची एक गाडी पुलाच्या कठड्याला धडकली, पेपरात आरडाओरडा झाला आणि मॅनेजरने नवा नियम काढला. घरी गेलेला ड्रायव्हर झोपतो की पोरांचा अभ्यास घेत बसतो, कुणी बघितलंय? यापुढे झोप डेपोतच, वरच्या मजल्यावर, दहा खाटांच्या खोलीत. प्रवाशांच्या जिवाची जबाबदारी कंपनीची आहे, असं त्याने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहूनही घेतलं. प्रत्येकाची खाट ठरलेली, खाटेचा नंबर चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने घातलेला. उठलं की रजिस्टरवर सही करायची आणि चादर धुण्याच्या पोत्यात टाकायची. ह्यांची खाट नऊ नंबर.

पोतं आलं की मी आधी नऊ नंबर शोधायचे आणि हुंगायचे. हसू नका. दोन-दोन दिवस माणूस घरी नसतो, तेव्हा त्याचा वास तरी भेटतो. डोक्याच्या तेलाचा, डिझेलचा आणि गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. मलमाचा वास जास्त असला की त्या दिवशी गुडघा दुखला असणार, हे मला घरी येण्याआधीच कळायचं.

मग एक दिवस नऊ नंबरला वासच नव्हता.

चादर चुरगळलेली होती, पण माणूस लोळून चुरगळते तशी नव्हे, हाताने बोळा करून कोंबल्यासारखी. उलगडली तर आमच्याच इस्त्रीच्या घडीच्या रेघा तिच्यावर ताठ उभ्या होत्या. तिच्यावर कुणी पाठ टेकली असती तर त्या राहिल्याच नसत्या. बावीस वर्षं चादरी हाताळतेय मी, मला कोण फसवणार?

दुसऱ्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी चहा समोर ठेवला आणि विचारलं, "काल सकाळी कुठे होतात?"

"डेपोत. अजून कुठे?"

"झोपायला?"

"मग काय नाचायला?" हे म्हणाले आणि कपात बघत राहिले.

कपात बघून उत्तर देणारा माणूस खरं बोलत नसतो. दोन दिवसांनी पुन्हा तसंच. कोरी चादर, ताठ रेघा. मी एक जुनी वही काढली आणि तारखा टिपायला लागले.

एकदा संशय आला की सगळं त्यातच बसायला लागतं. ह्यांनी नवा कंगवा घेतला होता. कशाला? ओळख नसलेल्या नंबरवरून फोन यायचे आणि हे बाहेर जाऊन बोलायचे. गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. घरी आले की माझ्याशी एक शब्द नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी म्हटलं, झालं. या वयात एवढं झिजायला माणसाला बाईच लागते. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

एकदा मी सकाळी दहा वाजता, म्हणजे ह्यांच्या झोपेच्या वेळेत, डबा घेऊन सरळ डेपोत गेले. वॉचमन जिन्यापाशी खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला. एरवी तो मॅनेजर आला तरी उठत नाही.

"झोपलेत वहिनी. उठवायची परवानगी नाही."

"मी उठवत नाही. डबा उशाशी ठेवून येते."

"बायकांना वर मनाई आहे. गाढ झोपलेत हो, घोरणं ऐकू येतंय बघा."

मी कान दिला. वरून कसलाच आवाज नव्हता. ह्यांचं घोरणं मला तीन भिंतींपलीकडून ओळखू येतं. मी डबा वॉचमनच्या हातात दिला आणि परत आले. वॉचमनला ह्यांनी फितवलंय, असं त्या दिवशी वहीत लिहिलं.

असे सात महिने गेले. वही भरत आली. पुढे काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. भरपूर पुरावा जमला की बहिणीला बोलावून एकदाच सोक्षमोक्ष लावायचा, असा बेत होता.

एका मंगळवारी दुपारी चारला ह्यांची गाडी रस्ता सोडून सरळ थांब्यावर चढली. लख्ख ऊन, मोकळा रस्ता. ब्रेक मारल्याची खूणही रस्त्यावर नव्हती. थांब्यावरचे दोघे उडी मारून वाचले. तिसऱ्या, कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई, बाकाखाली सापडल्या. दोन्ही पाय मोडले. गाडीतल्या लोकांचं खरचटण्यावर निभावलं आणि ह्यांच्या कपाळाला चौदा टाके पडले.

दवाखान्यात मॅनेजर स्वतः आला. हातात फळांची पिशवी, पिशवीत एक कागद.

"काळजी करू नका वहिनी," तो म्हणाला. आजवर त्याने माझ्याकडे कधी मान वळवून बघितलं नव्हतं. वहिनी ऐकल्याबरोबर मी कान टवकारले. "ह्यांनी फक्त एवढंच लिहून द्यायचं की विश्रांती पूर्ण झाली होती, तरी डोळा लागला. माणूस आहे, होतं. पुढचं कंपनी बघून घेईल."

मी कागद दोनदा वाचला. मला आधी मॅनेजरचा नाही, ह्यांचाच राग आला. विश्रांती पूर्ण झाली होती म्हणे! कुणाच्या घरी? त्या बाईंचे पाय मोडले आणि हा माणूस अजून खोटं बोलतोय, असं वाटून मी ह्यांच्या उशाशी बसले तरी तोंड फिरवून बसले. हे मला आज सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मशीनवाला सकाळपासून माझ्या मागेपुढे करत होता. शेवटी म्हणाला, "ताई, चौकशीवाले इथेही येतील का हो?"

"इथे कशाला येतील?"

"नाही, डेपोच्या गठ्ठ्याला मी अर्धाच साबण टाकतो, म्हणून म्हटलं."

"का?"

"मळलेलं असेल तर टाकू ना! दवाखान्याचं पाणी कसं येतं बघता ना तुम्ही? डेपोचं जसं आत जातं तसं बाहेर येतं. सात-आठ महिने झाले. पिऊन दाखवू का?"

"नऊ नंबरचं?"

"मी काय नंबर वाचून धुतो का? सगळ्या गठ्ठ्याचं."

मी स्टुलावर बसलेच. सात महिने मी नऊ नंबर काढून हुंगला आणि बाकीचा ढीग तसाच सरकवला. परपुरुषांच्या चादरी कोण हुंगतं? डेपोत गेले तेव्हाही ह्यांचंच घोरणं ऐकायला कान लावला. बाकी नऊ जणांपैकी एकाचंही ऐकू आलं नाही, हे ध्यानातच घेतलं नाही. आता हिशेब अगदी साधा होता. एका ड्रायव्हरला एक बाई असू शकते. दहा ड्रायव्हरांना दहा बाया, त्याही सकाळी सहा ते दोन? एवढ्या बाया या गावात मोकळ्या कुठून असणार?

दुपारी डेपोचं पोतं आलं. मी दार लावून घेतलं आणि त्यात होत्या तेवढ्या चादरी एकेक करून हुंगल्या. सगळ्या कोऱ्या. सगळ्यांवर इस्त्रीच्या रेघा. तिथे कुणीच झोपत नव्हतं.

तिसऱ्या दिवशीच्या पोत्यातल्या चादरी मात्र मळून आल्या. इतक्या मळून, की कुणी त्यांनी फरशी पुसली असावी. एकीवर चहा सांडलेला, एकीवर बुटाचा अख्खा ठसा. मॅनेजरला जाग आली होती तर! मी तेही वहीत लिहिलं. ओळ लिहून झाल्यावर लक्षात आलं की सात महिन्यांत पहिल्यांदाच मी ह्यांच्याविरुद्ध नाही, ह्यांच्या बाजूने लिहितेय.

हे घरी आले होते. कपाळाला पट्टी, खिडकीपाशी खुर्ची. मी समोर बसले.

"सकाळी सहा ते दोन काय करत होतात? आणि कपात बघायचं नाही. तुमच्या हातात कप नाहीये."

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "हात देत होतो."

हात देणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. डेपोत पाच ड्रायव्हर कमी. गेलेल्यांच्या जागा भरलेल्याच नाहीत. म्हणून रात्रभर चालवून आलेल्याने सकाळी सहाला पुन्हा एक गाडी घेऊन जायचं, दुसऱ्याच्या नावावर. जो रजेवर असेल, आजारी असेल, त्याच्या नावावर. झोपेच्या सह्या आठवडाभराच्या सोमवारीच करून ठेवायच्या. वॉचमन चादरी चुरगळून पोत्यात भरायचा. फोनवर नेहमी एकच वाक्य, सुपरवायझरचं: "आज जरा हात द्या."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही म्हणणाऱ्याची रजा मंजूर होत नाही. मोडकी गाडी मिळते. गाडी बंद पडली की ठपका त्याच्यावरच."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच."

मी विचारलं, त्या मंगळवारी किती तासांची जाग होती? हे बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. सोमवारी दुपारी उठल्यापासून, म्हणाले. थांबा दिसल्याचं आठवत नाही. आवाज आठवतो.

"चौकशीत हे सगळं सांगायचं," मी म्हटलं.

"नाही. सह्या माझ्या आहेत. त्या बाईंचे पाय माझ्या गाडीखाली गेले, मॅनेजरच्या नाही. मी कबूल करून मोकळा होणार."

मोकळा कसला? लायसन्स कायमचं जाणार, खटला उभा राहणार, तुरुंग झाला तर तोही ह्यांनाच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उरलेले नऊ जण हात द्यायला तयार. मॅनेजर भिंतीवरची अक्षरं नव्याने रंगवून घेणार. हे थांबवायचं तर पुरावा हवा होता. ड्रायव्हर तोंड उघडणार नव्हते, वॉचमन तर नाहीच. पुरावा एकच होता, तो माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली.

पण ती वही दाखवणं म्हणजे काय, ते कळतंय का? तीत नुसत्या तारखा नव्हत्या. कंगवा होता. "आज पुन्हा खोटं बोलले" होतं. "ती गोरी असेल का" असंही एका पानावर होतं. पानं फाडून नुसत्या तारखा द्याव्या, असं मनात आलं. कात्रीसुद्धा घेतली. पण फाटलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवेल? मी तर नसता ठेवला.

चौकशी सरकारी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर होती. चौकशी अधिकारी सर्दीने बेजार झालेले वयस्कर गृहस्थ. एका बाजूला मॅनेजर, त्याच्यासमोर फायलींची चळत. दुसऱ्या बाजूला हे. चष्म्याच्या दुकानातल्या बाई भाच्यासोबत चाकाच्या खुर्चीवर आल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये सरळ पुढे.

मॅनेजरने रजिस्टर उघडून दाखवलं. प्रत्येक दिवशी ह्यांची सही. मग लॉण्ड्रीच्या पावत्यांचा गठ्ठा काढला. "साहेब, सही खोटी असू शकते असं कुणी म्हणेल. पण ही बघा, नऊ नंबरची चादर एक दिवसाआड धुवायला गेली आहे. झोपल्याशिवाय चादर मळते का?"

अधिकाऱ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. "तुमचं काही म्हणणं?"

ह्यांनी तोंड उघडलं. कबुली येणार, हे मला दिसत होतं. मी उठले.

"मळलेली नव्हती साहेब. पावत्यांवर प्रत्येक नगापुढे केलेली खूण माझी आहे. गठ्ठे मी सोडते."

वही टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. मनातल्या मनात वाचतील अशी माझी आशा होती. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"नऊ नंबर. वास नाही. रेघा जशाच्या तशा. निळा शर्ट घालून गेले होते." पान उलटलं. "नऊ नंबर. वास नाही. नवा कंगवा. कुणासाठी?" मागे कुणीतरी खुदकन हसलं. "नऊ नंबर कोरी. ती गोरी असेल..." ते थांबले. नाक पुसलं.

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या पायाकडे बघत राहिले.

मॅनेजर उठला. "साहेब, ही एका संशयी बाईची वही आहे! हिला पुरावा म्हणायचं?"

"संशयी आहे म्हणूनच लिहिलं," मी म्हणाले. माझा आवाज चढला, चढू दिला. "विश्वास असता तर कोण कशाला लिहून ठेवेल? मला काय माहीत होतं अपघात होणार आहे? बाई शोधत होते मी. तुमची कंपनी सापडली."

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी वहीतली पहिली तारीख घेतली आणि मॅनेजरच्याच फायलीतून त्या सकाळच्या फेऱ्यांचा तक्ता मागितला. मग दुसरी तारीख. मग तिसरी. तिन्ही सकाळी एक जादा गाडी गेली होती आणि तिन्ही वेळा ती एकाच ड्रायव्हरच्या नावावर होती. त्या ड्रायव्हरचं मनगट तेव्हा मोडलेलं होतं. आजारपणाची रजा त्याच फायलीत, दोन पानं मागे लावलेली.

"मोडक्या मनगटाने बस कुणी चालवली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मॅनेजर पानं उलटत बसला. तेव्हा हे बोलले. "मी चालवली साहेब. तिन्ही दिवस. बाकीचे दिवसही सांगतो." आणि सांगितलं. हात देणं, सोमवारच्या सह्या, सगळं. शेवटी चष्म्याच्या दुकानातल्या बाईंकडे वळून म्हणाले, "तरी चाक माझ्या हातात होतं."

रजिस्टर, पावत्या, वही, सगळं जप्त झालं. मॅनेजरला आणि कंपनीच्या मालकांना नोटीस निघाली. डेपोतल्या विश्रांतीखोलीला त्याच दिवशी सील लागलं. ह्यांचं लायसन्स निकाल लागेपर्यंत काढून घेतलं, पण खटल्यात आता हे एकटे नव्हते. मी जिंकल्यासारखी उठले. खरं सांगते, छाती फुगली होती.

दारापाशी त्या बाईंची खुर्ची आडवी होती. मी बाजूने जायला लागले, तर म्हणाल्या, "थांबा जरा. त्या चादरीवर कुणी झोपत नाही, हे तुम्हाला सात महिने माहीत होतं?"

"हो," मी म्हणाले. "पण मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं ते ऐकलं मी. सगळ्यांनीच ऐकलं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "मी रोज चार वाजता त्या थांब्यावर उभी असायचे."

त्यांच्या भाच्याने खुर्ची वळवली आणि त्या गेल्या.

जिना उतरताना हे माझ्यापुढे दोन पायऱ्या होते, कठड्याला धरून, गुडघा सांभाळत. मी मनात उत्तरं जुळवत होते. त्या गोरीबद्दल विचारलं तर काय सांगायचं, कंगव्याबद्दल काय. भांडणाची तयारी माझी कायम असते. अर्ध्या जिन्यात हे थांबले.

"सात महिने ती चादर रोज उलगडून बघत होतीस?"

"एक दिवसाआड."

"आणि मी घरी आलो की दर वेळी विचारायचीस, कुठे होतात."

"हो."

"मला एकदा तरी विचारायचं होतंस ना," हे म्हणाले, "झोपलात का म्हणून. मी सांगून टाकलं असतं."

मागून कचेरीतली माणसं उतरत होती. आम्ही वाट अडवून उभे होतो, म्हणून हे भिंतीला सरकले आणि मीही त्यांच्या शेजारी सरकले.